आधी दीर्घिका की आधी कृष्णविवर?

"सर, आपल्या आकाशगंगेच्या मध्यभागी जे कृष्णविवर आहे, ते तिथे आधीपासून होतं की आकाशगंगा तयार झाल्यावर आलं?"

ठाण्यातल्या एका वाचनालयाच्या सभागृहात मुलांशी बोलत होतो, तेव्हा आठवीतल्या एका मुलीने हा प्रश्न विचारला. जगभरचे खगोलशास्त्रज्ञ गेली काही वर्षं नेमक्या याच प्रश्नावर वाद घालताहेत. वीस वर्षांपूर्वी हाच प्रश्न कुणी विचारला असता, तर बहुतेक प्राध्यापकांनी एका दमात उत्तर दिलं असतं: आधी तारे, मग ताऱ्यांच्या दीर्घिका, आणि दीर्घिकेच्या पोटात सावकाश वाढत गेलेलं कृष्णविवर. आज तितक्या खात्रीने कुणी बोलत नाही. ही खात्री का डळमळली, हे समजायला मोठं गणित लागत नाही. बँकेतलं चक्रवाढ व्याज कळत असेल तर पुरतं. ते गणित पुढे येईल. सुरुवात लहान कृष्णविवरांपासून करू, कारण त्यांचा जन्म आपल्याला बऱ्यापैकी उलगडलेला आहे.

हिवाळ्यात रात्री ठाण्यातून पूर्वेकडे पाहिलं की पारसिकच्या डोंगरावर मृग नक्षत्र चढलेलं दिसतं. घोडबंदर रोडच्या दिव्यांपुढे बाकीचे तारे विरून गेले तरी मृगाजवळचा तांबूस काक्षी दिसतोच. तो इतका फुगलेला आहे की सूर्याच्या जागी ठेवला तर मंगळाची कक्षाही त्याच्या पोटात जाईल. हा तारा आयुष्याच्या शेवटच्या टप्प्यात आहे. येत्या साधारण लाखभर वर्षांत कधीतरी त्याचा स्फोट होईल, असा अंदाज आहे.

तारा जिवंत असतो तोवर त्याच्यात दोन ताकदी एकमेकींना तोलून धरतात. गुरुत्वाकर्षण सगळं आत ओढतं आणि गाभ्यात हायड्रोजनचं हेलियम होताना निघणारी ऊर्जा बाहेर रेटते. हायड्रोजन संपला की जड तारे हेलियम वापरतात, मग कार्बन, मग ऑक्सिजन, मग सिलिकॉन. दर टप्पा आधीच्यापेक्षा झपाट्याने उरकतो. सूर्याच्या २५ पट वस्तुमानाच्या ताऱ्यात हायड्रोजन लाखो वर्षं पुरतो, पण सिलिकॉनचं लोखंड व्हायचा शेवटचा टप्पा जेमतेम एका दिवसात आटोपतो. लोखंडापाशी गाडी थांबते, कारण लोखंडाच्या मीलनातून ऊर्जा मिळत नाही, उलट खर्च होते.

या लोखंडी गाभ्याचं वस्तुमान सूर्याच्या सुमारे १.४ पट झालं की तो स्वतःचाच भार पेलू शकत नाही. ही मर्यादा सुब्रह्मण्यन चंद्रशेखर यांनी काढली. १९३० साली, वयाच्या एकोणिसाव्या वर्षी, मुंबईहून बोटीने युरोपला जाताना त्यांनी विझत चाललेल्या श्वेतबटू ताऱ्यांसाठी हे गणित मांडलं. तेव्हा मोठमोठ्यांनी ते मानलं नाही. नोबेल मिळालं १९८३ साली. मुंबई बंदरातून निघालेल्या एका तरुणाचं गणित आज अतिनवताऱ्यांना, म्हणजे गाभा कोसळून फुटणाऱ्या जड ताऱ्यांना, लागू पडतं, याचा मला मनापासून अभिमान वाटतो.

मर्यादा ओलांडली की पृथ्वीएवढा गाभा सेकंदाच्याही आत कोसळतो आणि २० ते २४ किलोमीटर व्यासाचा एक गोळा उरतो. ऐरोलीपासून पनवेलपर्यंत सरळ रेघ ओढली तर जवळपास तेवढंच अंतर भरेल, आणि एवढ्याशा जागेत अख्ख्या सूर्याहून जास्त वस्तुमान असतं. हा न्यूट्रॉन तारा. बाकीचा तारा बाहेर भिरकावला जातो आणि काही आठवडे तो अख्ख्या दीर्घिकेच्या तोडीने चमकतो. पण हा झगमगाट म्हणजे स्फोटाच्या ऊर्जेचा अगदी बारीक हिस्सा. सुमारे ९९ टक्के ऊर्जा न्यूट्रिनो नावाचे कण घेऊन जातात, आणि ते पृथ्वीच्याही आरपार निघून जातात.

हे सगळं कागदावरचं वाटू शकेल, म्हणून १९८७ चा दाखला देतो. त्या वर्षीच्या २३ फेब्रुवारीला जपान, अमेरिका आणि सोव्हिएत संघातल्या जमिनीखालच्या उपकरणांत काही सेकंदांच्या अवधीत मिळून दोन डझन न्यूट्रिनो नोंदले गेले. त्यानंतर काही तासांनी मोठा मॅगेलन मेघ या शेजारच्या छोट्या दीर्घिकेत, आपल्यापासून सुमारे १ लाख ७० हजार प्रकाशवर्षांवर, नुसत्या डोळ्यांना दिसणारा अतिनवतारा उगवला. गाभा आधी कोसळतो आणि स्फोटाची लाट पृष्ठभागाशी पोचायला काही तास लागतात, म्हणून न्यूट्रिनो प्रकाशाच्या पुढे आले. गणितात जसं लिहिलं होतं तसंच झालं. त्या ढिगाऱ्यात मागे काय उरलं, हे मात्र ३७ वर्षं कळत नव्हतं. २०२४ साली जेम्स वेब दुर्बिणीने मध्यभागी आर्गॉन आणि गंधकाच्या विद्युतभारित अणूंचा प्रकाश टिपला. तिथे न्यूट्रॉन तारा असल्याखेरीज त्या प्रकाशाचा उलगडा होणं अवघड आहे.

तारा आणखी जड असेल तर न्यूट्रॉनही हात टेकतात. न्यूट्रॉन ताऱ्याची कमाल मर्यादा सूर्याच्या दोन-अडीच पटीच्या आसपास आहे. त्यापलीकडे कोसळणं थांबवणारं आपल्याला माहीत असलेलं काहीच नाही. उरतं ते कृष्णविवर. काही वेळा तर स्फोटही होत नाही. एनजीसी ६९४६ या दीर्घिकेतला सूर्याच्या साधारण २५ पट वस्तुमानाचा एक तारा २००९ मध्ये थोडासा उजळला आणि मग दिसेनासा झाला. तो गुपचूप कृष्णविवर झाला, असं काहींचं म्हणणं आहे. पण पुढे वेब दुर्बिणीला त्याच जागी अवरक्त प्रकाश सापडला, त्यामुळे तो वाद अजून चालू आहे.

कृष्णविवराच्या आकाराचा हिशेब सोपा आहे. सूर्याएवढ्या वस्तुमानामागे तीन किलोमीटर त्रिज्या. दहा सूर्यांचं कृष्णविवर असेल तर त्रिज्या तीस किलोमीटर. ठाणे स्टेशन मध्यभागी धरलं, तर त्याची कड बोरीबंदरला टेकेल. १८५३ ची पहिली आगगाडी जेवढी धावली जवळपास तेवढीच ही त्रिज्या, आणि आत दहा सूर्य. आपल्याला माहीत असलेलं सर्वांत जवळचं कृष्णविवर साधारण एवढंच आहे. गाया या युरोपीय यानाच्या नोंदींतून ते २०२२ साली सापडलं, आणि ते आपल्यापासून सुमारे १५६० प्रकाशवर्षं दूर आहे. त्याच्याभोवती सूर्यासारखा एक तारा निवांत फिरतो आहे.

निवांत हा शब्द मुद्दाम वापरला. उपवनला सकाळी फिरायला येणारे आमचे एक काका दर वेळी विचारतात, "अहो, हे मधलं कृष्णविवर एक दिवस सगळी आकाशगंगा गिळणार ना?" नाही काका, गिळणार नाही. सूर्य काढून त्याच्या जागी त्याच वस्तुमानाचं कृष्णविवर ठेवलं, तर आपण अंधारात गोठून जाऊ, पण पृथ्वी आहे त्याच कक्षेत फिरत राहील. कृष्णविवराला ओढून घ्यायची काही निराळी ताकद नसते. त्याचं गुरुत्वाकर्षण इतर कुठल्याही वस्तूसारखंच, फक्त त्याच्या अगदी जवळ जाता येतं आणि तिथे परतीचा रस्ता नसतो.

आता मोठी कृष्णविवरं.

आकाशगंगेच्या केंद्राशी, आपल्यापासून सुमारे २६ ते २७ हजार प्रकाशवर्षांवर, धनु राशीच्या दिशेने जे बसलेलं आहे त्याचं वस्तुमान सुमारे ४३ लाख सूर्यांएवढं आहे. आंद्रेया गेझ आणि राइनहार्ड गेंझेल यांच्या गटांनी वर्षानुवर्षं तिथले तारे टिपत राहून ते मोजलं. एक तारा दर १६ वर्षांनी त्या न दिसणाऱ्या बिंदूभोवती फेरी मारतो, आणि त्याचा वेग व कक्षा कळली की मधल्या वस्तूचं वस्तुमान कळतं. या कामासाठी दोघांना रॉजर पेनरोझ यांच्यासोबत २०२० चं नोबेल मिळालं. २०२२ साली त्याची प्रतिमाही आली. त्याआधी, १० एप्रिल २०१९ ला, एम ८७ या दीर्घिकेतल्या कृष्णविवराची प्रतिमा आली होती. कृष्णविवराची ती पहिलीच प्रतिमा. ते तर साडेसहा अब्ज सूर्यांचं. तीन किलोमीटरच्या हिशेबाने त्याची त्रिज्या सुमारे १९ अब्ज किलोमीटर येते. प्लूटोची कक्षा त्यात सहज मावेल.

जवळपास प्रत्येक मोठ्या दीर्घिकेच्या मध्यात असा एक राक्षस आहे. जवळच्या दीर्घिकांत त्याचं वस्तुमान मधल्या फुगीर भागातल्या ताऱ्यांच्या हजारात एक ते हजारात काही इतक्या प्रमाणात असतं. दीर्घिकेचा फुगवटा मोठा असला की कृष्णविवरही मोठं. हा योगायोग नाही, हे २००० सालाच्या आसपास स्पष्ट झालं. हजारातला एक भाग असलेली वस्तू उरलेल्या नऊशे नव्याण्णव भागांशी जुळवून कशी वाढते?

याचं उत्तर कृष्णविवराच्या उधळेपणात आहे. त्याच्याकडे ओढला जाणारा वायू सरळ आत पडत नाही. तो भोवती फिरत तबकडी बनवतो, थर एकमेकांवर घासतात, तापतात, आणि वायू आत जाण्याआधी आपल्या वस्तुमानाच्या सुमारे दहा टक्के इतकी ऊर्जा प्रकाशाच्या रूपात सोडून जातो. हायड्रोजनचं हेलियम होताना हेच प्रमाण एक टक्काही नसतं, ०.७ टक्के असतं. म्हणूनच विश्वात सतत चमकत राहणाऱ्या वस्तूंमध्ये सर्वांत तेजस्वी आहेत ती अशी खादाड कृष्णविवरं, म्हणजे क्वेसार. त्यांचा प्रकाश आणि वारे दीर्घिकेतला वायू तापवतात, बाहेर हाकलतात. वायू गेला की नवे तारे जन्मत नाहीत आणि कृष्णविवराचंही अन्न तुटतं. दोघांची वाढ अशी एकमेकांच्या हातात आहे. मला या सगळ्या विषयातली हीच गोष्ट सर्वांत मोलाची वाटते. ज्याला आपण सर्वभक्षी समजतो तेच दीर्घिकेत किती तारे जन्मतील हे ठरवतं.

या प्रकाशाचा आणखी एक परिणाम म्हणजे कृष्णविवराच्या भुकेला घातलेला लगाम. ते जितकं भराभर खाईल तितका प्रकाश वाढतो, आणि प्रकाशाचा दाब येणाऱ्या वायूला मागे ढकलतो. आर्थर एडिंग्टन यांच्या नावाने ओळखली जाणारी ही मर्यादा कृष्णविवराच्या वस्तुमानाच्या प्रमाणात असते. छोटं असेल तर थोडं खाता येतं, मोठं झालं की जास्त. म्हणजे वाढ झाली की ती मुद्दलात जमा होते आणि पुढची वाढ त्या नव्या मुद्दलावर होते. हेच ते चक्रवाढ व्याज. मर्यादेला टेकून, एक क्षणही न थांबता खात राहिलं, तर कृष्णविवराचं वस्तुमान साधारण साडेतीन कोटी वर्षांत दुप्पट होतं.

आता हिशेब करू. विश्वातले पहिले तारे आजच्या ताऱ्यांपेक्षा बरेच जड असावेत, असं मानतात. अशा एका ताऱ्याच्या मृत्यूतून १०० सूर्यांचं कृष्णविवर जन्मलं असं धरा. हे आपलं मुद्दल. २०२१ साली जे०३१३-१८०६ या क्वेसारचा शोध जाहीर झाला. त्यातलं कृष्णविवर १.६ अब्ज सूर्यांचं आहे, आणि विश्व सुमारे ६७ कोटी वर्षांचं असताना ते जसं होतं तसं आपल्याला दिसतं. शंभरापासून १.६ अब्जापर्यंत जायला सुमारे २४ वेळा दुप्पट व्हावं लागतं. २४ गुणिले साडेतीन कोटी, म्हणजे ८४ कोटी वर्षं. विश्वाचं तेव्हाचं वय होतं ६७ कोटी. शिवाय पहिला तारा जन्मायलाच पहिली दहा-एक कोटी वर्षं गेली असणार, आणि त्यानंतर एकदाही उपास घडता कामा नये. स्फोट झालेल्या ताऱ्याभोवतीचा वायू तर स्फोटानेच उधळलेला असतो, तेव्हा सुरुवातीलाच पानात वाढायला काही नसतं.

हिशेब जुळत नाही. मग एकतर व्याजाचा दर जास्त होता, किंवा मुद्दलच मोठं होतं.

दर जास्त असू शकतो, याचा एक पुरावा २०२४ च्या अखेरीस आला. एलआयडी-५६८ नावाच्या दीर्घिकेतलं कृष्णविवर एडिंग्टन मर्यादेच्या सुमारे ४० पट वेगाने खाताना वेब आणि चंद्रा या दोन दुर्बिणींना दिसलं. चंद्रा म्हणजे चंद्रशेखर यांच्याच नावाची, अवकाशातून क्ष-किरण टिपणारी दुर्बीण. मर्यादा मोडता येते, हे यावरून पटतं. पण असा सपाटा फार काळ टिकत नाही, असं मॉडेल सांगतात.

मोठ्या मुद्दलाची कल्पना मात्र मला अधिक भावते. आरंभीच्या विश्वात फक्त हायड्रोजन, हेलियम आणि लिथियमचा लवलेश होता. अशा शुद्ध वायूचा मोठा ढग नीट थंड होऊ शकला नाही, तर त्याचे तुकडे पडून तारे होत नाहीत. शेजारी नुकत्याच जन्मलेल्या ताऱ्यांचा अतिनील प्रकाश ढगातले हायड्रोजनचे रेणू फोडत राहिला, तर असं होऊ शकतं. मग सबंध ढगच कोसळतो आणि तारा, स्फोट वगैरे पायऱ्या जवळपास गाळून थेट १० हजार ते १ लाख सूर्यांचं कृष्णविवर होतं. शंभरऐवजी लाखाचं मुद्दल धरून तोच हिशेब पुन्हा करा. १४ वेळा दुप्पट झालं की पुरे. सुमारे ४९ कोटी वर्षं. बसतं!

येल विद्यापीठातल्या प्रियंवदा नटराजन यांनी या कल्पनेवर फार आधीपासून काम केलं आहे. त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१७ साली एक ठोस भाकीत केलं. असं थेट कोसळून कृष्णविवर बनत असेल, तर काही काळ तरी अशा दीर्घिका दिसायला हव्यात ज्यांत कृष्णविवराचं वस्तुमान सगळ्या ताऱ्यांच्या वस्तुमानाच्या बरोबरीचं आहे. वेब दुर्बीण २५ डिसेंबर २०२१ ला अवकाशात गेली. २०२३ मध्ये तिने आणि चंद्राने मिळून यूएचझेड१ नावाची दीर्घिका शोधली. महास्फोटानंतर अवघ्या ४७ कोटी वर्षांनंतरची, आणि तिच्यातलं कृष्णविवर १ ते १० कोटी सूर्यांचं. ताऱ्यांचं एकूण वस्तुमानही तेवढंच. शेजारच्या दीर्घिकांतलं हजारास एक हे प्रमाण तिथे एकास एक झालेलं दिसतं. भाकीत आधी आणि निरीक्षण मागून, हा क्रम विज्ञानात फार महत्त्वाचा असतो.

वेबच्या छायाचित्रांत आणखी एक अनपेक्षित प्रकार सापडला. लहानसे, लालभडक ठिपके, शेकडोंनी. बहुतेक ठिपके विश्वाची पहिली दीड अब्ज वर्षं पुरी होण्याआधीचे. सुरुवातीला वाटलं की या ताऱ्यांनी गच्च भरलेल्या दीर्घिका आहेत. मग वर्णपटात, म्हणजे प्रकाशाचे रंग वेगळे करून पाहिल्यावर, वेगाने फिरणाऱ्या वायूच्या खुणा दिसल्या, म्हणजे आत कृष्णविवर. पण खाणाऱ्या कृष्णविवराकडून जे क्ष-किरण यावेत ते बहुतेकांमधून येत नाहीत. आज बरेच संशोधक म्हणतात की कृष्णविवराभोवती दाट वायूचं जाड आवरण आहे. क्ष-किरण त्यातच जिरतात आणि बाहेरून ते जणू एखाद्या प्रचंड ताऱ्यासारखं दिसतं. याच आवरणामुळे वर्णपटातल्या रेषा रुंद दिसत असतील, तर काढलेली वस्तुमानं प्रत्यक्षापेक्षा बरीच जास्त आली असण्याची शक्यता आहे. त्यामुळे लाल ठिपक्यांच्या वस्तुमानाचे जुने आकडे वाचताना सावध राहावं.

म्हणूनच एका ठिपक्याचं मोल मोठं आहे. एबेल २७४४ या दीर्घिकासमूहामागचा हा ठिपका विश्व सुमारे ७० कोटी वर्षांचं असतानाचा आहे. समूहाच्या गुरुत्वाकर्षणाने त्याची प्रतिमा मोठी आणि तिहेरी करून दाखवली. त्यामुळे भोवतीच्या वायूचा वेग थेट मोजता आला, आकाशगंगेच्या केंद्राशी ताऱ्यांचा मोजला होता जवळपास तसाच. २०२५ साली मांडलेल्या या मोजमापातून सुमारे ५ कोटी सूर्यांचं कृष्णविवर निघालं, आणि भोवती ताऱ्यांचं वस्तुमान त्याच्या मानाने अगदी थोडं. दीर्घिका जवळजवळ नाहीच, कृष्णविवर मात्र हजर. यावरून काहींनी स्टीफन हॉकिंग यांची १९७१ ची कल्पनाही पुन्हा पुढे आणली आहे, की काही कृष्णविवरं महास्फोटानंतर पहिल्या क्षणांतच, एकही तारा नसताना, जन्मली असतील.

तर मग आधी कृष्णविवर, हे ठरलं का? इतक्या घाईने नाही. दुसऱ्या बाजूला दीर्घिकाही अपेक्षेपेक्षा फार लवकर तयार झालेल्या दिसताहेत. त्यातली एक तर पुण्यात शोधली गेली. एनसीआरए या रेडिओ खगोलशास्त्राच्या संस्थेतल्या राशी जैन आणि योगेश वाडदेकर यांनी वेबच्या नोंदी तपासताना एक नीटस सर्पिल दीर्घिका हुडकली आणि तिला अलकनंदा असं नाव दिलं. २०२५ च्या नोव्हेंबरात ही बातमी आली. विश्व फक्त दीड अब्ज वर्षांचं असतानाची ही दीर्घिका, सुमारे ३० हजार प्रकाशवर्षं रुंद, दोन सुबक भुजा, सुमारे १० अब्ज सूर्यांएवढे तारे, आणि दर वर्षी ६० सूर्यांएवढ्या नव्या ताऱ्यांची भर. एवढी शिस्तशीर तबकडी जमायला अब्जावधी वर्षं लागतात, असं आपण पुस्तकांतून शिकत आलो. म्हणजे घाई दोन्हीकडे आहे.

वाढीचा एक तिसराही मार्ग आहे: कृष्णविवरांनी एकमेकांत मिसळणं. १४ सप्टेंबर २०१५ ला अमेरिकेतल्या लायगो या उपकरणाने पहिली गुरुत्वीय लहर, म्हणजे अवकाशातूनच पसरत जाणारी थरथर, पकडली. २९ आणि ३६ सूर्यांची दोन कृष्णविवरं एक होऊन ६२ सूर्यांचं बनलं होतं. उरलेले तीन सूर्य लहरींच्या रूपाने निघून गेले. तेव्हापासून अशा सुमारे ३०० घटना टिपल्या गेल्या आहेत. २३ नोव्हेंबर २०२३ ला आलेली लहर त्यांत वेगळी. सुमारे १०० आणि १४० सूर्यांची दोन कृष्णविवरं मिळून साधारण २२५ सूर्यांचं एक. गंमत अशी की साधारण ६० ते १३० सूर्यांच्या दरम्यानचं कृष्णविवर ताऱ्याच्या मृत्यूतून होऊच नये. तेवढ्या जड ताऱ्याचा स्फोट एकतर त्याचं बरंचसं वस्तुमान आधीच उडवून टाकतो किंवा काहीच मागे ठेवत नाही. शिवाय दोन्ही कृष्णविवरं स्वतःभोवती प्रचंड वेगाने फिरत होती, आणि मिसळून बनलेल्या कृष्णविवराचा तो स्वभाव असतो. ही आधीच्या विलीनीकरणातून जन्मलेली दुसऱ्या पिढीची कृष्णविवरं असावीत.

जाता जाता महाराष्ट्राच्या मापातली एक गोष्ट सांगतो. १४ जानेवारी २०२५ ला आलेली लहर इतकी स्वच्छ होती की विलीन होण्याआधी दोन्ही कृष्णविवरांचं एकूण पृष्ठफळ सुमारे २ लाख ४० हजार चौरस किलोमीटर आणि नंतरचं सुमारे ४ लाख, असं मोजता आलं. आपलं राज्य ३ लाख ७ हजार चौरस किलोमीटरचं. कृष्णविवराचं पृष्ठफळ कधी घटत नाही, हा हॉकिंग यांचा १९७१ चा सिद्धांत त्यातून पडताळला गेला.

राक्षसी कृष्णविवरं मिसळताना उठणाऱ्या लहरी लायगोला ऐकू येत नाहीत. त्यांची एक लाट पुरी व्हायला काही वर्षं लागतात. त्यासाठी घड्याळ म्हणून पल्सार वापरतात. पल्सार म्हणजे नेमाने फिरणारे, ठोके देणारे न्यूट्रॉन तारे. लहर आली की ठोके सेकंदाच्या कोटीव्या भागाच्या आसपास पुढे-मागे होतात. जून २०२३ मध्ये जगातल्या अनेक गटांनी एकाच वेळी जाहीर केलं की अशी मंद थरथर सगळीकडून येते आहे. यातल्या युरोप आणि भारताच्या संयुक्त कामात नारायणगावजवळच्या खोडदच्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीचा वाटा आहे. ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना. ताऱ्यांमधला विरळ वायू कमी वारंवारतेच्या रेडिओलहरींना जास्त उशीर लावतो. तो उशीर नेमका मोजून वजा करायला हवा, आणि कमी वारंवारतेत जीएमआरटीचा हात धरणारं फारसं कुणी नाही. थरथर अपेक्षेपेक्षा थोडी जोरकस निघाली. राक्षसांच्या जोड्या जास्त असाव्यात किंवा अधिक जड असाव्यात.

हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ लायगो-इंडियाचं, म्हणजे लायगोच्याच धर्तीच्या भारतातल्या उपकरणाचं, काम हाती घेतलं आहे. केंद्र सरकारने २०२३ साली त्यासाठी सुमारे २६०० कोटी रुपये मंजूर केले. चार किलोमीटर लांबीच्या दोन भुजा असतील. तिथे लहान कृष्णविवरं ऐकू येतील आणि लहर आकाशात नेमकी कुठून आली हे आजच्यापेक्षा खूप चांगलं कळेल. मधल्या आकाराच्या, हजारो ते लाखो सूर्यांच्या कृष्णविवरांसाठी मात्र जमिनीची थरथर आडवी येते.

त्यासाठी लिसा हवी, म्हणजे अवकाशातून गुरुत्वीय लहरी टिपणारी मोहीम. युरोपीय अवकाश संस्थेने जानेवारी २०२४ मध्ये तिला मंजुरी दिली. २०३५ च्या सुमारास तीन यानं एकमेकांपासून २५ लाख किलोमीटर अंतर राखून सूर्याभोवती फिरू लागतील आणि लेसरने आपापसांतलं अंतर मोजत राहतील. विश्वाच्या बालपणी विलीन झालेली काही हजार ते कोटीभर सूर्यांची कृष्णविवरं तिला ऐकू येतील. माझा कल असा आहे, की मध्यातल्या राक्षसांपैकी बरेचसे मोठ्या मुद्दलाने सुरू झाले आणि त्यांच्याभोवती दीर्घिका जवळजवळ सोबतच उभी राहिली. त्या मुलीलाही मी हेच सांगितलं, आणि कल हा पुरावा नसतो हेही सांगितलं. आता कसोटी सरळ आहे. ताऱ्यांच्या स्फोटातून सुरुवात झाली असेल, तर लिसाला त्या काळातली हजारो सूर्यांची लहान कृष्णविवरं मोठ्या संख्येने मिसळताना ऐकू यायला हवीत. थेट कोसळलेल्या ढगांतून झाली असेल, तर विलीनीकरणं मोजकी असतील आणि जवळपास सगळी लाखापासून पुढची.